बिनबटणांची इमारत

मला वाटलं होतं, कोलकात्यात परत आल्यावर मी विजेच्या उधळपट्टीशी लढेन. प्रत्यक्षात माझ्या पहिल्या इमारतीवर पहिले तीन आठवडे मी स्विचच्या आवाजाशी लढले.

मी इथेच वाढले. बाबा बँकेत होते, बदली होऊन आले आणि मग इथलेच झाले. पुढे मी नेदरलँड्सला शिकायला गेले आणि तिथे एकशे बारा पानांचा प्रबंध लिहिला. विषय होता ऑफिसच्या इमारतींमधली भिंतीवरची बटणं कायमची कशी काढून टाकावीत. माणूस आला की दिवा लागावा, गेला की विझावा. ऊन असेल तेवढा मंद व्हावा, ऊन उतरेल तसा वाढावा. माणसाने दिव्याचा विचारच करू नये! हे सगळं मला अजूनही तितकंच पटतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमची फर्म सियालदहजवळ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. ऑफिसं, हॉटेलं, दुकानं यांच्या भिंतींत कुठे कोणता स्विच बसवायचा, कुठे सॉकेट, त्यामागे कोणत्या मापाचा बॉक्स, हे आम्ही ठरवतो. असं काम जगात असतं हे पुण्याच्या माझ्या मावशीला अजून पटलेलं नाही.

"म्हणजे बटणं निवडतेस?"

"हो."

"दिवसभर?"

या धंद्यात किस्से बोर्डामागच्या वायरींसारखे साठतात. पुढून प्लेट अगदी सपाट दिसते. चार स्क्रू काढले की सगळं अंगावर येतं. मी आज फक्त एकाच इमारतीचे स्क्रू काढते आहे. बोलणं जवळजवळ सगळं बंगालीत झालं. मी मराठीत सांगते.

*

ही इमारत खिदिरपूरची. सहा मजली. मालक लाहिरीबाबू, वय सत्तरच्या पुढे, जहाजाने आलेला माल कस्टम्समधून सोडवून देण्याचा तीन पिढ्यांचा व्यवसाय. जुनं ऑफिस गल्लीच्या एका टोकाला, नवी इमारत दुसऱ्या टोकाला.

माझे बॉस सोमेनदा या कामाच्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझी बिनबटणांची इमारत इथे करून दाखव. लाहिरीबाबूंनी तुझ्या ड्रॉइंगवर सही केली तर पुढचं हॉस्पिटलही तुझं. नाही केली तर माझं जुनं ड्रॉइंग कपाटात आहेच, दर खोलीला आठ बटणं. मग तू इतरांच्या नकाशांवर सॉकेट मोजायचेस."

सॉकेट मी आधीच आठ महिने मोजत होते. मला ती सही हवी होती.

तरी एक सँपल बोर्ड न्यावाच लागतो, असा रिवाज आहे. प्लायवूडवर बावीस कंपन्यांचे स्विच लावलेले. मी मुद्दाम मध्यभागी काचेचं टच पॅनल बसवलं होतं, म्हणजे लाहिरीबाबूंना भविष्य दिसावं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि एकेक स्विच दाबून ऐकायला सुरुवात केली. टक. टक. "हा पोकळ आहे." टक. "ह्याला सर्दी झालीय." मग बोट काचेवर आलं. शांतता.

"हा बंद पडलाय."

"नाही सर, चालू आहे. त्याला आवाजच नाही."

"मग काम झालं हे कळणार कसं?"

"सर, दिवा लागेल ना!"

"दिवा दुसऱ्या खोलीत आहे," लाहिरीबाबू म्हणाले.

मी पाहिलं. खरंच दुसऱ्या खोलीत होता. त्यांच्या टेबलाजवळच्या बटणाने जिन्यातला दिवा लागत होता. तो तसा का, हे विचारल्यावर ते म्हणाले, "जिन्यात अंधार असतो म्हणून."

*

त्यानंतर मी जुन्या ऑफिसचा सर्व्हे केला. कोणत्या बटणाने काय चालतं याचा तक्ता करायचा होता. तळमजल्यावर एक बोर्ड होता, अठरा बटणांचा. पहिली सहा त्या खोलीतलीच निघाली. सातवं दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. नीट खात्री करावी म्हणून मी ते आठ-दहा वेळा खालीवर केलं आणि तक्त्यात लिहिलं, "मृत."

पाच मिनिटांनी कँटीनवाले माणिकदा किटली आणि नऊ कप घेऊन हजर झाले.

"कोणाचे पाहुणे आलेत?"

सातव्या बटणाचा दिवा चौथ्या मजल्यावर माणिकदांच्या चुलीच्या वर होता. तो जितक्या वेळा लुकलुकेल तितके चहा. शेवटची उघडझाप लांबली तर बिनदुधाचा. प्रत्येक मजल्यावर असं एक बटण होतं आणि कुठल्या मजल्याचा दिवा कुठला, हे फक्त माणिकदांना माहीत होतं.

मी त्यांना फोनवरचं ॲप समजावलं. नाव, मजला, साखर किती, सगळं स्क्रीनवर येईल. त्यांनी मन लावून ऐकलं.

"फोन वाजला की मला चुलीपासून हलावं लागतं, दीदी. दिवा मला दूध बघता बघता दिसतो."

माझ्या एकशे बारा पानांत चूल कुठेच नव्हती. मी नव्या इमारतीच्या ड्रॉइंगवर सहा बटणं वाढवली. पण त्यांना स्विच म्हणायला मन होईना, म्हणून बाजूला लिहिलं, "संदेशवहन उपकरण." सोमेनदांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

"आता तू बंगाली झालीस."

*

निमाईदा आमच्या कंत्राटदाराचे मुख्य मिस्त्री. रोज सकाळच्या लोकलने सियालदहला उतरतात. बोलतात फार कमी. तळमजल्याच्या ड्रॉइंगवर मी सॉकेटची उंची जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर लिहिली होती आणि टेबलांखाली फरशीत बसवायचे बॉक्स दाखवले होते. झाकण उघडा, प्लग लावा, वायरींचं जाळं नाही. माझे अत्यंत लाडके बॉक्स.

निमाईदांनी ड्रॉइंग पाहिलं, घडी करून खिशात घातलं आणि माझ्या छातीच्या उंचीवर भिंतीला हात लावला.

"इथे."

मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात कुठवर पोचतो, वाकणं, पोचणं, आंतरराष्ट्रीय मानकं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "चला," आणि शेजारच्या गोदामात घेऊन गेले. तिथे भिंतीवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या आडव्या रेघा होत्या. मुलांची उंची मोजतात तशा. गल्लीत पाणी साचलं की दरवेळी गोदामवाले एक रेघ मारत. सगळ्यांत वरची रेघ स्विचबोर्डाच्याही वर होती.

मी हादरले. "एवढं पाणी! कोणाला शॉक बसला नाही?"

"नाही."

"कसं काय?"

"लाइट दोन दिवस आधीच गेली होती," निमाईदा म्हणाले.

सॉकेट वर गेले. तरी मी व्हीलचेअर सोडली नाही. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथवरच, त्याच्यावर एक सेंटिमीटरही नाही, आणि दारात उतार. निमाईदा खुर्चीत बसले, हात लांब केला आणि त्या जागी पेन्सिलने फुली मारली. फरशीतले बॉक्स मात्र गेले ते गेलेच.

*

एक छोटासा किस्सा. माणिकदांच्या सहा बटणांच्या आणि सॉकेटच्या प्लेटचा रंग ठरायला दोन आठवडे लागले. पांढरा म्हणजे किती पांढरा, यावर आर्किटेक्ट, लाहिरीबाबू आणि त्यांच्या सूनबाई यांच्यात चार बैठका झाल्या. अकरा पांढरे होते. शेवटी एकाला तिघांनी नाइलाजाने होकार दिला. प्लेट बसल्या. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि कागद न चिकटवता भिंतींवरून, प्लेटवरून, सगळ्यावरून रोलर फिरवून गेला.

लाहिरीबाबू पाहायला आले. बराच वेळ जवळून पाहत राहिले.

"हाच! हाच मी सांगत होतो!"

*

दरम्यान माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण तिथेही मी सुधारणा करायला गेले होते. मी गीझरला फोनवरून चालणारा स्विच लावला. आई म्हणाली, "चांगलं आहे," म्हणजे तिला आवडलं नव्हतं.

चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला निघालो. हावडा स्टेशनवर गाडी लागली, सामान चढलं आणि बाबा उभे राहिले.

"गीझर बंद केला?"

मी विजयाने फोन पुढे केला. "हे बघा बाबा. बंद. इथे बसून दिसतंय! चालू असता तर इथूनच बंद केला असता."

बाबांनी चष्मा लावून स्क्रीन वाचला.

"हे ॲप म्हणतंय. बटण काय म्हणतंय?"

"बाबा, ॲप बटणालाच विचारून सांगतं."

"पण पाहिलंय कोणी?"

आई म्हणाली, "करा त्या चॅटर्जीकाकूंना फोन, नाहीतर हे नागपूरपर्यंत झोपायचे नाहीत." शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. त्या जाऊन आल्या आणि गाडी सुटता सुटता त्यांचा फोन आला.

"बंद होता हं! मी एकदा चालू करून पुन्हा बंद केला. आता पक्का बंद आहे."

बाबा निश्चिंत झोपले.

*

आता परत खिदिरपूरला. लाहिरीबाबू म्हणाले, सही करण्याआधी महिनाभर वापरून बघू. म्हणून तिसरा मजला आधी तयार केला आणि कागदपत्र विभागाची बारा माणसं तिथे हलवली; माणिकदांची चूलही नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर आली. आतल्या रांगेत खिडकी नाही, तिथे मी छतात सेन्सर बसवले. माणसाची हालचाल दिसली की दिवा. दहा मिनिटं हालचाल नाही की अंधार.

कागदपत्र विभागाचं काम म्हणजे मालाच्या याद्या वाचणं. ही माणसं वाचतात तेव्हा पापणीही हलत नाही. पहिल्याच दिवशी साडेअकराला अख्खी रांग अंधारात गेली. कोणी ओरडलं नाही, की उठलं नाही. एका बाईंनी मान वर न करता डावा हात हवेत फिरवला, दिवे लागले, वाचन पुढे सुरू.

मी ठरवलं, सेन्सरची वेळ वाढवायची. त्याचा रिमोट यायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी गेले तर खांबावर एक छापील कागद होता. वर "हात" असं शीर्षक. खाली, दहा ते अकरा, तपनबाबू. अकरा ते बारा, शिउलीदी. बारा ते एक, रेहानाआपा. दुपारी रजा असल्यास बदली कोण, तेही होतं.

"हे कशाला?" मी म्हणाले. "ज्याला अंधार वाटेल त्याने हलवायचा!"

"मग सगळेच हलवतात," शिउलीदी म्हणाल्या. "कामाचा खोळंबा होतो."

मी तो कागद सोमेनदांना दाखवला. त्यांनी तो चहा ढवळता ढवळता वाचला.

"म्हणजे भिंतीवरचं बटण तू काढलंस," ते म्हणाले, "आणि शिउलीला लावलंस."

त्या संध्याकाळी मी सेन्सरची वेळ चाळीस मिनिटांवर नेली. कागद दुसऱ्या दिवशी उतरला. पण शिउलीदी अकरा ते बारा अजूनही मधूनमधून हात हलवतात. म्हणतात, खांद्याला बरं वाटतं.

*

आता शेवटचा. महिना संपत आला होता आणि माझी सगळ्यांत आवडती वस्तू अजून बसायची होती. उजेड मोजणारा कंट्रोलर. खिडकीबाहेरचं ऊन उतरेल तसा तो आतले दिवे वाढवतो, इतका हळू की डोळ्याला कळत नाही. तो बंदरात अडकला होता. लाहिरीबाबूंचा व्यवसायच माल सोडवण्याचा, पण माझा कंट्रोलर सोडवायला त्यांना अकरा दिवस लागले. तोवर खिडक्यांकडच्या दिव्यांसाठी निमाईदांनी दाराशी एक तात्पुरतं बटण लावून दिलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी मोजमाप घ्यायला संध्याकाळपर्यंत थांबले. एरवी मी चारला निघते. सव्वापाचला विभागाचे सगळ्यांत जुने कारकून हरिपदबाबू उठले. टेबलांमधून सावकाश चालत दाराशी गेले. दोन टेबलांवर तपनबाबू आणि रेहानाआपा एका हरवलेल्या यादीवरून चांगलेच भांडत होते. हरिपदबाबूंनी बटण दाबलं. दिवे लागले.

अकराच्या अकरा माणसांचे उजवे हात वर गेले, बहुतेकांचे कपाळाला. कोणी मान वर केली नाही. एकाच्या हातात पेन होतं, ते पेनासकट गेलं. रेहानाआपांचा हात छातीपाशी थांबला, ओठ हलले. हरिपदबाबूंनी बटणाला लावलेलं बोट कपाळाला लावलं. तेवढा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग खुर्च्या सरकल्या, कोणीतरी माणिकदांना बारा वेळा दिवा लुकलुकवला, शिउलीदींनी मुडीचा डबा काढला. मुडी म्हणजे आपले कुरमुरे. यादीचं भांडण कुठे गेलं कळलं नाही. तपनबाबूंनीच रेहानाआपांपुढे डबा सरकवला.

मी माझ्या वहीत लिहिलं, "५.१७, उजेड ९० लक्स."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर बसला. तात्पुरतं बटण निघालं. लाहिरीबाबू, सूनबाई, सोमेनदा, निमाईदा, सगळे तिसऱ्या मजल्यावर जमले. मी बोलले. मन लावून बोलले. वीज किती वाचेल, डोळ्यांना त्रास कसा होणार नाही, पुढच्या पिढीला आपण काय देणार. बाहेर हुगळीच्या बाजूला ऊन उतरत होतं. लाहिरीबाबूंनी मध्येच हात वर केला.

"सगळं ठीक. पण दिवे कधी लागणार?"

"लागले, सर."

त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. दिवे पूर्ण तेजाने लागलेले होते आणि खिडकीबाहेर अंधार झाला होता.

"कधी?"

"तुम्ही ऐकत होतात तेव्हा. चाळीस मिनिटं लागतच होते. कोणाला कळलंच नाही! तेच तर!"

लाहिरीबाबूंनी चष्मा काढून पुन्हा दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अद्भुत!" आणि मनापासून म्हणाले. त्यांनी तिथेच टेबलावर ड्रॉइंग पसरायला लावलं आणि सहाही मजल्यांवर सही केली. सूनबाईंनी माझा हात हातात घेतला. सोमेनदा हळूच म्हणाले, "हॉस्पिटलची फाइल उद्या घेऊन जा."

सगळे खाली गेले. मी माझं मीटर, टेप, वायरी आवरत वर राहिले. साडेसहा झाले होते. कागदपत्र विभाग काम करत होता. कोणी उठलं नव्हतं. मुडीचा डबा बंदच होता.

"शिउलीदी, आज चहा नाही?"

"होईल की," त्या घड्याळाकडे न पाहता म्हणाल्या. "संध्याकाळ होऊ दे."

पलीकडे तपनबाबू आणि रेहानाआपा पुन्हा त्याच यादीवर आले होते आणि या खेपेस आवाज खालच्या मजल्यावर जाईल असा होता. हरिपदबाबू दाराशी उभे होते. दारामागच्या भिंतीत तात्पुरत्या बटणाचा रिकामा बॉक्स होता, चौकोनी, आत नुसत्या दोन टेप गुंडाळलेल्या वायरी. त्यांनी उजवा हात अर्धा वर नेला होता आणि तिथेच धरला होता, ओठांवर आलेलं नाव निसटावं तसा. मला पाहून त्यांनी तो हात डोक्यावर फिरवला, केस नीट केल्यासारखा.

"फार छान झालं, माँ," ते म्हणाले. लेकीच्या वयाच्या मुलीला इथे माँ म्हणतात. "काहीच करावं लागत नाही."

पावणेसातला माणिकदा स्वतः जिने उतरून आले. रिकाम्या हातांनी. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "इथे कोणी वारलंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ वाजता ऑफिसात पोचले. हॉस्पिटलची फाइल माझ्या टेबलावर होती. मी ती बाजूला ठेवली, सही झालेलं ड्रॉइंग उघडलं आणि सहाही मजल्यांवरचे उजेड मोजणारे कंट्रोलर खोडून टाकले. प्रत्येक मजल्यावर, दाराशी, एक बटण रेखाटलं. शेजारी तक्ता असतो, कोणत्या बटणाने काय चालू होतं याचा. त्या रकान्यात मी सहा वेळा लिहिलं, "संध्याकाळ."

मग ते सोमेनदांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पेन घेऊन त्यांनी त्यापुढे आपल्या बारीक अक्षरात दिव्याच्या साध्या बटणाचं माप लिहिलं, "सहा अँपिअर पुरे," आणि सही केली.